गोवंशाची सुधारणा : शर्यतीने की नोंदवहीने?

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तीन राज्यांनी बैलांच्या खेळांस व शर्यतींस मुभा देण्यासाठी केलेले कायदे वैध ठरविले. २०१४ साली त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने हे खेळ निषिद्ध ठरविले होते. तेव्हापासून नऊ वर्षे चाललेल्या वादावर ह्या निकालाने पडदा पडला. कायद्याच्या दृष्टीने जे व्हावयाचे ते झाले असून, निर्णीत विषय पुन्हा उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु ह्या वादात शर्यतींच्या बाजूने जी अनेक समर्थने पुढे आली, त्यांतील एकाचा विचार न्यायालयाबाहेर, शांत चित्ताने व्हावयास पाहिजे असे आम्हांस वाटते. ते समर्थन असे की, शर्यती चालू राहिल्या तरच देशी गोवंश टिकेल. तमिळनाडूच्या कायद्याच्या प्रस्तावनेतच देशी वळूंच्या जाती टिकविण्याचा हेतू नमूद केलेला आहे, आणि आपल्याकडे तर ‘शर्यत बंद, खिल्लार बंद’ असे म्हणण्याचा प्रघातच पडला होता. न्यायालय कायद्याची वैधता ठरविते. गाय गाभण राहील की नाही, हे ठरविणे त्याच्या अधिकारात नाही. तो प्रश्न वस्तुस्थितीचा आहे आणि त्याची छाननी वस्तुस्थितीनेच झाली पाहिजे.

ह्या समर्थनात सत्याचा अंश मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. माणदेशचे खिल्लार जनावर घडले ते नांगर, मोट व गाडी ह्यांसाठी. नांगर यंत्राने घेतला, मोट विजेच्या पंपाने घेतली आणि गाडी मोटारीने घेतली. २०१२ ते २०१९ ह्या दोन पशुगणनांच्या दरम्यान सबंध देशातील गोवर्गीय नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली, हा ह्याच स्थित्यंतराचा परिणाम होय. ज्याला काम नाही त्याला दाणावैरण कोण घालणार? अशा वेळी शर्यतीच्या निमित्ताने उत्तम खोंडास लाखो रुपये देणारे गिऱ्हाईक उभे राहिले, तर पशुपालकाच्या दावणीस चार खिल्लार गाई राहतात, ही गोष्ट खरी आहे. व्यापारी वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको; मागणी असेल तरच माल टिकतो. पण माल टिकणे निराळे आणि माल सुधारणे निराळे. शर्यतीने खोंडाची किंमत वाढते. त्या खोंडाची आई किती वेळा व्याली, कोणत्या वयात प्रथम व्याली, दर वर्षी फळली की दोन-दोन वर्षे भाकड राहिली, ह्यांपैकी एकही प्रश्न शर्यतीच्या धावपट्टीवर विचारला जात नाही. आणि वंशाचे भवितव्य तर ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

हे विधान पुष्कळांस अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून थोडा हिशेब मांडतो. गाईचा गर्भकाळ सुमारे साडेनऊ महिन्यांचा. अर्थात वर्षाला एक वेत मिळवावयाचे असेल, तर व्याल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत ती पुन्हा माजावर येऊन फळली पाहिजे. आता दोन गाई कल्पनेने घ्या. पहिली तिसऱ्या वर्षी प्रथम व्याली आणि पुढे दर तेरा महिन्यांनी वेत देत गेली. दुसरी साडेचार वर्षांची होऊन प्रथम व्याली आणि दोन वेतांत दीड वर्षाचे अंतर ठेवीत गेली. दुसरीची ही चाल आपल्या खेड्यांतील गाईंत काही विरळा नाही. दहा वर्षे पुरी होईतो पहिलीची सात वेते होतात, दुसरीची चार. दोघींनी खाल्लेला कडबा व व्यापलेली दावण जवळजवळ सारखीच. पेढीवरील मनुष्य म्हणेल की, एकाच भांडवलावर एका गुमास्त्याने सात रुपये मिळवून दिले आणि दुसऱ्याने चार. असे असूनही आपण बाजारात गाय पाहतो तेव्हा शिंगांची ठेवण, वशिंडाचा उठाव, कातडीची चमक व भोवरे पाहतो. तिच्या वेतांचा हिशेब विचारतो कोण? विचारला तरी लेखी दाखवितो कोण?

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चार वेतांत सरासरीने दोन कालवडी होणार. त्यांतील एखादी रोगाने वा उपासमारीने दगावली, तर उरलेली एक आईची जागा घेण्यापुरतीच पुरते. तेथे निवडीला अवकाशच राहत नाही. बरी असो वा वाईट असो, जी उरली तिच्यावरच वंश चालवावा लागतो. सात वेते देणाऱ्या गाईच्या पोटी तीन-चार कालवडी होतात, आणि त्यांतून उत्तम एक निवडून बाकीच्या विकता येतात. म्हणजे जननक्षमता हा गाईच्या अनेक गुणांपैकी एक गुण आहे असे समजणे चुकीचे आहे. इतर सर्व गुणांची निवड करण्याचा अधिकार ज्याच्यामुळे प्राप्त होतो, असा तो पायाभूत गुण आहे. पाया नसलेल्या जागी दूध वाढवा, बळ वाढवा, वेग वाढवा असा उपदेश करणे म्हणजे जोत्यावाचून माडी चढविण्याचा खटाटोप होय.

१९२६ साली नेमलेल्या आणि लॉर्ड लिनलिथगो अध्यक्ष असलेल्या रॉयल कृषी कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात ह्या दुष्टचक्राचे निदान केले होते. गुरांची अवस्था जितकी वाईट, तितकी ती अधिक संख्येने पाळावी लागतात; कारण कामापुरते बैल मिळविण्यासाठी कमी फळणाऱ्या गाई अधिक ठेवाव्या लागतात. गाई अधिक झाल्या म्हणजे वैरण अपुरी पडते, वैरण अपुरी पडली म्हणजे त्या आणखी कमी फळतात आणि वासरे खुजी निपजतात. पुन्हा तीच फेरी. ह्या निदानाला आता शतक होत आले. राज्य पालटले, कमिशनचे अध्यक्ष पुढे व्हाइसरॉय होऊन इतिहासजमा झाले. पण ते चक्र पुष्कळ खेड्यांत अजून फिरत आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटी २४ लक्ष गोवर्गीय जनावरे होती आणि त्यांपैकी १४ कोटींहून अधिक देशी अथवा निश्चित जात नसलेली होती. संख्येत आपल्याला न्यून नाही. न्यून आहे ते निवडीत.

निवडीने काय होऊ शकते ह्याचा दाखला आपल्याच रक्ताच्या गुरांनी समुद्रापलीकडे घालून दिलेला आहे. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात आज तेवीस कोटींच्या वर गुरे आहेत, आणि त्यांतील फार मोठा हिस्सा वशिंडाच्या हिंदी वंशाचा आहे. तेथील मांसोत्पादक कळपांत सर्वांत प्रबळ असलेली जात ‘नेलोर’ ह्या नावाने ओळखली जाते. ही जात म्हणजे आपल्या आंध्र प्रांतातील ओंगोल होय. पूर्वी मद्रास इलाख्यात ओंगोलचा मुलूख नेलोर जिल्ह्यात मोडत असे, त्यावरून हे नाव पडले. १८६८ साली ओंगोलची एक जोडी साल्वादोर बंदरात उतरली. १८७८ साली रिओ दि जानेरो प्रांतातील लेम्ग्रुबेर नावाच्या जमीनदाराने जर्मनीतील हाम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात ही जनावरे पाहून तेथूनच एक जोडी विकत घेतली. पुढे मीनास जेराईस प्रांतातील उबेराबा शहराचे पशुपालक स्वतः हिंदुस्थानात येऊन ओंगोल, गीर व कांकरेज जातींचे वळू आणि गाई नेऊ लागले. १९२१ मध्ये बुळकांड्याची साथ उद्भवल्यावर आयातीला बंदी झाली. १९३० साली पुन्हा काही जनावरे गेली, आणि १९६२ साली शेवटची मोठी तुकडी फेर्नांदो दि नोरोन्या बेटावर अलग ठेवून मग देशात घेण्यात आली. ह्या सबंध काळात गेलेल्या गुरांची एकंदर बेरीज सहा-सात हजारांच्या पलीकडे नाही. आपल्या एका मोठ्या जत्रेत एका आठवड्यात भरतील एवढी ही जनावरे! त्यांतून कोट्यवधींचे कळप उभे राहिले.

ब्राझीलच्या पशुपालकांना हे शहाणपण जन्मतःच होते असे मात्र कोणी समजू नये. किंबहुना त्यांच्या चुकांचा इतिहासच आपल्याला अधिक उपयोगी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे लांब कानांचे वेड शिरले. ज्याचे कान लांब तो शुद्ध हिंदी वंशाचा, अशी समजूत रूढ झाली. गीर, कांकरेज व ओंगोल ह्यांच्या संकरातून ‘इंदुब्रासील’ नावाची लोंबत्या कानांची जात निर्माण करण्यात आली आणि तिच्या वळूंस सोन्याचे मोल आले. बिचाऱ्या ओंगोलचे कान आखूड, म्हणून तो मागे पडला. परंतु कान काही वासरू देत नाहीत. उष्ण प्रदेशातील निकस कुरणांवर कोणती गाय नियमाने विते व वासरू वाढविते, हे जेव्हा व्यवहारात दिसू लागले, तेव्हा इंदुब्रासीलचा दिमाख ओसरला आणि आखूड कानांचा नेलोर पुढे सरसावला. त्यानंतर दुसरे वेड आले ते प्रदर्शनांचे. रिंगणात जो धिप्पाड व उंच दिसेल त्याला पदक. पदके मिळविणाऱ्या वळूंच्या मुली उंच झाल्या, पण वयात उशिरा येऊ लागल्या. थोराड शरीराला पोसण्यास अधिक चारा लागतो, आणि कुरणावरील बेताच्या चाऱ्यावर तिचे शरीर आधी स्वतःची भूक भागविते. माजावर येणे मागे पडते. आपल्याकडील शर्यतीची धावपट्टी आणि तेथील प्रदर्शनाचे रिंगण ह्यांत तत्त्वतः भेद नाही. दोहोंतही नराचा एक डोळ्यांत भरणारा गुण पाहून वंशाचा निवाडा केला जातो आणि मादीचे काम अंधारात राहते.

ह्या वेडातून त्यांना बाहेर काढले ते नोंदवहीने. १९३८ साली उबेराबा येथील पशुपालकांच्या संस्थेने सरकारच्या मान्यतेने हिंदी जातींच्या वंशावळीचे दप्तर सुरू केले. वासरू केव्हा जन्मले, कोणत्या वळूपासून, कोणत्या गाईच्या पोटी, एवढ्या नोंदीपासून प्रारंभ झाला. पुढे वजनाच्या चाचण्या आल्या; आणि गेल्या चार दशकांत विद्यापीठांतील पंडित व कळपांचे मालक ह्यांनी मिळून असे हिशेब बसविले की, एखाद्या वळूच्या मुली लवकर वयात येतील काय, आणि त्या कळपात टिकून सहा वर्षांच्या वयापावेतो तीन वेते देतील काय, ह्याचा अंदाज आधीच वर्तविता येतो. वळू विकत घेणारा शहाणा माणूस त्याच्या पदकांआधी हे आकडे पाहतो. पूर्वी जेथे नेलोर कालवड साडेतीन-चार वर्षांची झाल्यावाचून विणार नाही असे गृहीत धरीत, तेथे निवडलेल्या कळपांत चौदा महिन्यांच्या कालवडींचे फळण करून दोन वर्षांच्या सुमारास पहिले वेत घेण्यापर्यंत मजल गेली आहे.

हे कसे साधले ते नीट समजून घेतले पाहिजे, नाही तर आम्ही जादूची गोष्ट सांगत आहोत असा भ्रम व्हावयाचा. जननक्षमता ही आईबापांकडून येणारी, पण फार मंद गतीने येणारी संपत्ती आहे. दोन वेतांतील अंतर घेतले, तर गाईगाईंत जो फरक दिसतो त्यापैकी दशांशाहूनही कमी भाग रक्ताचा असतो. बाकीचा चारा, पाणी, रोगराई व देखभाल ह्यांचा. म्हणून केवळ गाईकडे पाहून निवड केली तर प्रगती गोगलगाईच्या चालीने होते. परंतु वळूच्या वृषणांचा घेर हा गुण पुष्कळ अंशी वंशपरंपरेने येतो, फितीने दोन मिनिटांत मोजता येतो, आणि ज्या वळूचा घेर कोवळ्या वयात चांगला भरतो त्याच्या मुलीही लवकर वयात येतात, असा अनुभव अनेक देशांच्या संशोधनात आलेला आहे. एक साधी फीत मुलींचे भविष्य बापाच्या अंगावर वाचून दाखविते! ह्याच्या जोडीला दुसरा नियम फळणाच्या हंगामाचा. शिस्तीच्या मांसोत्पादक कळपांत वर्षभर वळू मोकळा सोडीत नाहीत. चारा मुबलक असतो अशा दोन-तीन महिन्यांतच फळण करवितात, नंतर प्रत्येक गाय तपासतात, आणि जी रिकामी निघाली ती कळपातून काढतात. पंचवीस-तीस गाईंमागे एक वळू, आणि तोही हंगामापूर्वी वैद्याने तपासलेला. नापीक वळू एका हंगामात तीस गाईंचे वर्ष बुडवितो. नापीक गाय फक्त स्वतःचे.

येथे आमचे सनातनी मित्र कपाळास आठी घालून विचारतील : ‘मांसासाठी गुरे पोसणाऱ्यांचे धडे आम्हांस कशाला? आम्ही गाईस माता मानतो.’ ह्या आक्षेपाचा आदर राखूनच उत्तर दिले पाहिजे. दूध, बळ वा मांस, हेतू कोणताही असो, गर्भाशयाचा धर्म एकच आहे. गाय फळली नाही तर दूधही नाही आणि बैलही नाही. ब्राझीलचा हेतू आपण घ्यावा असे आम्ही सुचवीत नाही. त्याची वही घ्यावी एवढेच म्हणतो. उलट आपल्या हेतूमुळे ती वही आपल्याला अधिक आवश्यक झाली आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या वधास बंदी झाली. २०१५ साली त्या कायद्याची दुरुस्ती अमलात येऊन बैल व वळू ह्यांनाही ते संरक्षण मिळाले. २०१६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने ही वधबंदी वैध ठरविली. ब्राझीलचा पशुपालक रिकामी गाय खाटकाकडे धाडून आपली चूक एका हंगामात पुसतो. आपल्याकडे ती वाट बंद आहे; आपण चुकीचे जनावर जन्मास घातले, तर त्याचा भार पशुपालकाने, पांजरपोळाने अथवा रस्त्याने पंधरा वर्षे वाहावयाचा. ज्याला चूक पुसता येत नाही त्याने लिहितानाच सावध असले पाहिजे. वध न करताही निवड करता येते : वांझ अथवा उशिरा फळणाऱ्या गाईस सुखाने चारा घाला, पण तिचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवू नका. पूजा करण्यास कोणाची मनाई नाही; पण वंश कोणाचा चालवावा ह्याचा विवेक सोडणे ही पूजा नव्हे, तो आळस आहे.

ब्राझीलचे सर्वच अनुकरणीय आहे असेही नाही. कुरणांसाठी ॲमेझॉनच्या अरण्याची जी तोड झाली तिचा डाग त्या देशाच्या पशुधनावर आहे, आणि मूठभर नामांकित वळूंचीच संतती सर्वत्र पसरल्यामुळे रक्त एकाच घराण्यात घोळण्याचा धोकाही तेथे उभा आहे. निकटच्या नात्यात फळण झाले म्हणजे पहिला आघात जननक्षमतेवरच होतो. कृत्रिम रेतनाने एका वळूचे हजारो वंशज होऊ शकतात, म्हणून वंशावळ ठाऊक नसता केलेले रेतन हे दुधारी शस्त्र आहे. आपल्या खेड्यात देवाच्या नावाने सोडलेला एकच वळू वर्षानुवर्षे स्वतःच्याच मुलींवर व नातींवर चालतो, हा त्याच दोषाचा जुना अवतार होय. फरक एवढाच की, त्याची नोंद नसल्याने तो दोष कोणाच्या लक्षात येत नाही.

मग आपल्याकडे वहीच नव्हती काय? होती. १९३३ साली मुंबई इलाख्यात पशुधन-सुधारणेचा कायदा झाला आणि त्यात वळूस परवाना असावा व निकृष्ट वळू बडवावेत अशी तरतूद होती. पुढे केंद्र सरकारने नामांकित जातींच्या वंशावळींची नोंदणी हाती घेतली. खुद्द ओंगोल गावी तिची कचेरी आहे आणि गुंटूरजवळ लाम येथील संशोधन केंद्रात ओंगोलचा कळप जतन केलेला आहे. १९६७ साली मणिभाई देसाई ह्यांनी उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ संस्था स्थापून कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. २०१४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय गोकुळ अभियान सुरू झाले. आणि अलीकडे तर लक्षावधी गुरांच्या कानांत बारा आकडी बिल्ला लावून प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक देण्यात आला आहे. ब्राझीलने १९३८ साली ज्याचा आरंभ कागदावर केला, त्यासाठी आज आपल्याकडे संगणकाची वही तयार आहे. पण वही असणे आणि वही भरणे ह्यांत अंतर आहे. बिल्ला कानात, पण वेताची तारीख कोठे? रेतन झाल्याची नोंद होते. गाय फळली की उलटली, व्याली तर कालवड की गोऱ्हा, पहिले वेत कोणत्या वयात झाले, ह्या नोंदी मालकाने आग्रहाने करून घेतल्या पाहिजेत. त्या तो करवीत नाही, कारण त्या नोंदीचा त्याला बाजारात एक पैसाही मिळत नाही. रोगाचे मूळ येथे आहे.

तेव्हा उपायही बाजारातूनच आला पाहिजे, आणि म्हणूनच आम्ही हा लेख शहरांतील व पेठांतील वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या सूचना चार आहेत. पहिली : बैलगाडा शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्या परवानगीच्या अटींत, वळू म्हणून राखलेल्या प्रत्येक धावणाऱ्या जनावराच्या कानातील क्रमांक व त्याच्या आईच्या वेतांच्या तारखा सादर करण्याची अट घालावी. शर्यत वंश टिकविते असे जे म्हणतात, त्यांनी ही अट आनंदाने स्वीकारावी. त्यांच्या म्हणण्याची तीच कसोटी आहे. दुसरी : खरसुंडी, सांगोला, माळेगाव येथील जत्रा-बाजारांत पारितोषिके देणाऱ्या बाजार समित्या, कारखाने व व्यापारी मंडळे ह्यांनी नराच्या पहिल्या बक्षिसाइतकेच बक्षीस अशा गाईस द्यावे की, जी लवकर व्याली, नियमाने वेत देत आली आणि वासरू पायाशी घेऊन रिंगणात उभी आहे. ज्या गुणाला बक्षीस मिळते तो गुण पुढील पिढीत वाढतो. कानाला दिले तर कान वाढतात.

तिसरी सूचना पशुपालकांच्या संस्थांविषयी आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ ह्या प्रत्येक जातीच्या मुलखात पशुपालकांचे स्वतःचे वंशावळ-दप्तर असावे. उबेराबाचे दप्तर चालविणारी संस्था पशुपालकांची होती, सरकारची नव्हती. सरकारने मान्यता दिली, पण वही मालकांनी भरली. ज्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर आपली पांजरपोळे चालतात, त्यांनी देणगीचा एक भाग दप्तरी कारकून, वजनकाटा व पशुवैद्याची वर्षातून एक फेरी ह्यांसाठी राखून ठेवावा. भाकड गाय पोसण्याचे पुण्य असेल, तर गाय भाकड न राहू देण्याचे पुण्य त्याहून कमी कसे? चौथी सूचना सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित : वैरण. गाय रोडावली की माजावर येत नाही, हे गुराख्याचे पोरही सांगेल. विण्याच्या वेळी जिच्या फासळ्या मोजता येतात, तिला कितीही नामांकित वळूचे रेत दिले तरी ते वाया जाणार. गावकुसाचे गायरान अतिक्रमणात जाऊ देणारी ग्रामपंचायत आणि गोशाळेसाठी अनुदान मागणारी ग्रामपंचायत एकच असेल, तर त्या गावात सुधारणेचा आरंभ गायरानाच्या हद्दीपासून झाला पाहिजे.

ह्या चारही गोष्टींस परदेशातून काही आणावयास नको. एका गोष्टीचे मात्र आम्हांस दुःख वाटते. ज्या गीर वंशाचे वळू आपल्याच काठेवाडातून एके काळी ब्राझीलला गेले, त्याच वंशाचे रेत अलीकडे ब्राझीलहून आयात करण्याची वेळ आपल्यावर आली. रक्त आपले, माती त्यांची आणि मधली फक्त वही त्यांची. पुढील पिढीत हाच प्रसंग खिल्लारावर किंवा देवणीवर आला तर रेत मागविण्यास तरी कोठे जाणार? ह्या जातींचे कळप समुद्रापलीकडे कोणी उभे केलेले नाहीत. त्यांचे माहेर हेच आणि सासरही हेच. येथे त्यांची निवड चुकली, तर दुसरीकडे दुरुस्ती होण्याची आशा नाही.

म्हणून शर्यतीच्या निकालाने ज्यांचा आनंद झाला त्यांना आणि ज्यांचा विरस झाला त्यांनाही आमचे एकच सांगणे आहे. न्यायालयाने खेळास परवानगी दिली. वंश राखण्याचे काम मात्र त्याने कोणाच्याही अंगावरून उतरविलेले नाही. येत्या बेंदराला बैलाच्या शिंगांस हिंगूळ लावताना आणि येत्या वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करताना प्रत्येक मालकाने दावणीच्या गाईचे पहिले वेत, शेवटचे वेत आणि मधल्या वेतांची संख्या एका कागदावर लिहून काढावी. वसुबारसेची पूजा वासरासह असलेल्या गाईची सांगितलेली आहे, रिकाम्या गाईची नव्हे, ह्याचा अर्थ आपल्या पूर्वजांना कळत होता. तो आपल्याला कळला आहे की नाही, हे त्या कागदावरून ठरेल.